चाळिशीनंतर बाईने स्वतःसाठी काय करावे?

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात गर्दी असते. एखादी पन्नाशीची बाई नातवाला घेऊन येते. नातवाचा खोकला दाखवते, मालकाच्या बीपीच्या गोळ्या लिहून घेते, सुनेच्या बाळंतपणाची तारीख विचारते. पैसे देऊन उठते, दारापर्यंत जाते आणि मग मागे वळून म्हणते, "डॉक्टरसाहेब, जाता जाता तेवढं माझं बी बघा की."

"काय होतंय?" असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते : "तसं काही नाही." त्या "काही नाही"मध्ये सहा महिन्यांचा अशक्तपणा असतो, रात्रीची उडालेली झोप असते, खोकताना होणारी लघवी असते आणि कधी कधी त्याहूनही गंभीर काही असते. दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे बाईचा गुण समजला जातो. तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला तो गुण वाटेनासा झाला आहे.

या सदरासाठी आलेल्या पत्रांतही एक गोष्ट दिसते. चाळिशी-पन्नाशीच्या भगिनी विचारतात, "महिन्यात दहा किलो वजन कमी करणारी पावडर घ्यावी का?", "पोटाचा पट्टा लावू का?", "चेहऱ्यावरचे वांग जाण्यासाठी काय लावू?" हे प्रश्न हसण्यासारखे नाहीत. आपण नीटनेटके दिसावे असे कोणत्याही वयात वाटावे. परंतु जाहिरातीतील सुधारणा महिनाभराची असते आणि आपल्याला पुढची तीस वर्षे काढायची असतात. म्हणून या लेखात होण्यासारख्या, पैशाने परवडणाऱ्या आणि घरकाम, शेतीकाम सांभाळून जमणाऱ्या गोष्टींचाच विचार करू.

पाळी जाते म्हणजे काय होते?

सलग बारा महिने पाळी आली नाही, तर ती कायमची गेली असे म्हणतात. याला रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडते. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र ते लवकर आहे, तपासून घ्यावे.

बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, कमी होते. त्यामुळे अचानक अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, झोप मोडते, चिडचिड होते. योनीमार्ग कोरडा पडतो, त्यामुळे संबंधाच्या वेळी दुखते, लघवीची जळजळ वारंवार होते. हा आजार नव्हे, हा शरीरातील बदल आहे. तथापि बदल आहे म्हणून त्रास सोसलाच पाहिजे असेही नाही. सुती कपडे, रात्री हलके जेवण, दुपारनंतर चहा बंद एवढ्याने पुष्कळ जणींना आराम पडतो. त्रास फारच असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून हार्मोनच्या गोळ्या किंवा योनीमार्गात लावण्याचे मलम देतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा आजार झालेल्यांना हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नयेत.

याच इस्ट्रोजेनचे एक छत्र आतापर्यंत हाडांवर आणि हृदयावर होते. ते निघून जाते. पन्नाशीनंतर बायकांमध्ये हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब आणि हृदयविकार वाढतात याचे हे एक कारण आहे. म्हणजेच स्वतःकडे लक्ष देण्याची खरी वेळ याच वयात येते, आणि नेमकी याच वयात बाई स्वतःला "आता काय राहिलं" म्हणून बाजूला ठेवते.

आपल्या जिल्ह्याने जगाला शिकवलेली गोष्ट

आपल्या धाराशिव जिल्ह्याचे, तेव्हाच्या उस्मानाबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

ऑक्टोबर १९९९ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू केला. बार्शीला १९८७ पासूनच ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम चालू होते. त्यात आपले परंडा आणि भूम हे तालुकेही होते. आपल्या भागातील बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग फार आढळतो, हे त्या नोंदींवरून दिसत होते.

या अभ्यासात जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका भागातील स्त्रियांची 'एचपीव्ही' या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या भागात पॅप स्मिअर ही पेशींची तपासणी, तिसऱ्या भागात पातळ केलेले अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून पिशवीचे तोंड नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या भागात नेहमीच्या सरकारी सेवेखेरीज वेगळी तपासणी नव्हती. बायकांची तपासणी गावपातळीवर प्रशिक्षित परिचारिकांनी केली. दोष आढळलेल्यांवर उपचार झाले.

आठ वर्षे पाठपुरावा करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या तीस हजारांच्या पुढे, जवळपास सारखीच होती. पुढच्या पायरीला गेलेले कर्करोगही निम्म्याने कमी झाले. आणि हे सगळे आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने. बाकीच्या दोन पद्धतींनी त्या काळात मृत्यूंमध्ये एवढा स्पष्ट फरक पडला नाही. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल पुढे नैतिक वादही झाला, आणि तो होणे योग्यच होते, कारण ते ६४ आकडे नसून आपल्याच गावांतील कोणाच्या तरी आया होत्या.

त्यांच्यामुळे जगाला जे समजले ते आपण तरी वापरले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आता ३५ व्या आणि ४५ व्या वर्षाच्या सुमारास एचपीव्ही तपासणी व्हावी असे सांगते. आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अॅसिटिक अॅसिडची तपासणी सांगितलेली आहे. त्याबरोबर स्तनांची आणि तोंडाची तपासणीही आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे कोणत्या दिवशी ही तपासणी असते ते विचारावे. एचपीव्ही तपासणी बहुतेक मोठ्या शहरांत खासगीत होते आणि महाग पडते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर करावी. ज्यांना परवडत नाही त्यांनी जी मिळते ती करावी. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रीला अॅसिटिक अॅसिडची तपासणी तितकी उपयोगी ठरत नाही. तिला डॉक्टर पॅप किंवा एचपीव्ही सुचवतील.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि अत्यंत सर्रास आढळतो. बहुतेक जणींमध्ये तो आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो त्यांच्यापैकी काहींना दहा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे तपासणीत विषाणू आढळला याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही, आणि कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवावे असाही नाही. दुसरे, तपासणीला दोन-चार मिनिटे लागतात. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत, चालत घरी जाता येते. घरात नात किंवा लहान मुलगी असेल तर तिच्यासाठी या विषाणूची प्रतिबंधक लस आहे, तिचीही चौकशी करावी.

माझी एक चूक

हे एवढ्या आग्रहाने लिहिण्याचे कारण सांगतो. माझ्या व्यवसायाची पहिली काही वर्षे होती. चोपन्न वर्षांच्या एक बाई आल्या. सहा वर्षांपूर्वी पाळी गेलेली. "पुन्हा थोडं थोडं अंगावर जातंय," म्हणाल्या. बरोबरची जाऊ हसून म्हणाली, "देवीनं पुन्हा तरणी केली." मी आतून तपासावे लागेल म्हटले. बाई संकोचल्या. मीही तरुण पुरुष डॉक्टर, मीही संकोचलो. तालुक्याला बाई डॉक्टरांकडे जा, एवढे म्हणून रक्त थांबण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी दिली नाही, मालकांना बोलावून बजावले नाही. रक्त काही दिवस थांबले. पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा दुर्गंध येत होता आणि कंबर दुखत होती. कर्करोग आजूबाजूला पसरला होता. उपचार झाले, पण दोन वर्षांत त्या गेल्या. पाच महिने आधी पाठवले असते तर त्या वाचल्याच असत्या असे मी म्हणू शकत नाही, परंतु ती संधी माझ्या संकोचामुळे हुकली हे खरे आहे.

म्हणून माझ्या प्रत्येक वाचक भगिनीने हे वाक्य पाठ करावे : पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर अंगावरून रक्त गेले, मग तो एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. त्याचप्रमाणे संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनात न दुखणारी गाठ, बोंड आत ओढले जाणे किंवा बोंडातून रक्त येणे, या तक्रारींत थांबायचे नाही. स्तनाची गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असा समज आहे. तो उलटा आणि घातक आहे.

पिशवी काढण्याची घाई नको

एका टोकाला न तपासणे, तर दुसऱ्या टोकाला पिशवीच काढून टाकणे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९ साली गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला तर पैसे कापतात, पाण्याची-संडासाची सोय नाही, पांढरे जाते म्हणून "पुढे कॅन्सर होईल" अशी घातलेली भीती, अशी कारणे पुढे आली. आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या कारखान्यावर जातात, तेव्हा हे दूरचे दुखणे नाही.

पिशवी काढणे कधी कधी खरोखरच आवश्यक असते. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे, कर्करोग ही त्याची कारणे आहेत. पण नुसते पांढरे जाते, कंबर दुखते, मुले झाली आता पिशवीचे काम काय, ही कारणे नव्हेत. विशेषतः पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर बाईची पाळी वयाच्या पस्तिशीतही एका दिवसात कायमची जाते आणि हाडांची झीज तितक्याच लवकर सुरू होते. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की तीन प्रश्न विचारा. कशासाठी? औषधाने भागेल का? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि घाईचे कारण नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील, मत घ्या. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांनी त्याचे कागद जपून ठेवावेत आणि हाडांकडे अधिक लक्ष द्यावे.

हाडे : भाकरी, ताक आणि ऊन

माझी आई बहात्तराव्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. पडणे लहानसे होते. हाड आधीच पोखरलेले होते. ठिसूळ हाड दुखत नाही, ते एकदम मोडते. त्यामुळे तयारी आधीच करावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितले आहे. एक कप, म्हणजे २०० मिली, गाईच्या दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. भूम-वाशीकडे दूध उदंड, पण त्याचा खवा होऊन बाजारात जातो. घरच्या बाईच्या वाट्याला चहातले दोन चमचे येते. रोज एक कप दूध आणि दोन वाट्या ताक किंवा दही, एवढे बाईसाठी बाजूला काढले तरी मोठे काम होईल. दूध नसेल तर नाचणी, राजगिरा, हुलगा, तिळाची चटणी, शेपू, चाकवत, हादग्याची पाने या आपल्याच वस्तू आहेत. रोजच्या ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी मिसळली तर भाकरी थोडी काळी दिसते, चवीत फार फरक पडत नाही.

दुसरी उणीव प्रथिनांची. दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि आमटीचे वरचे पाणी, हे पुष्कळ बायकांचे जेवण असते, कारण त्या सगळ्यांत शेवटी जेवतात. दाट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर एक अंडे, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी एक वाटी उसळ आधीच झाकून ठेवायची, ही सवय घरात लावा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्याने लागते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या बीट-गुळावर न थांबता लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पाळी गेल्यानंतरही रक्त कमीच असेल तर ते कोठे जाते ते शोधावे लागते.

ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम हाडात बसत नाही. शेतात राबणारीला ऊन पुरेसे मिळते. गावातल्या बंद घरातील बाईला मात्र ते मिळत नाही. कपडे वाळत घालणे, धान्य निवडणे ही कामे उन्हात करावीत. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पूड आठवड्याला एक सांगितली असेल तर ती रोज घेऊ नये, अतिरेक बाधतो. आणि न्हाणीघरातील शेवाळ घासून काढणे, रात्री उजेडाचा एक दिवा ठेवणे, मागच्या दारी धरायला एक कडी बसवणे, ही हाडांसाठी कॅल्शियमइतकीच मोलाची औषधे आहेत.

व्यायाम : कोणी चालावे, कोणी बसावे

"रोज चाला" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणे मला पटत नाही. जी बाई दिवसभर खुरपते, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या वाहते, तिला संध्याकाळी चार किलोमीटर चाला म्हणणे चेष्टा आहे. तिला हवी आहे ती विश्रांती, ताठ केलेली पाठ आणि पोटभर जेवण. तिने खुरपताना अर्ध्या तासाने उठून उभे राहावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकावे, ओझे कमरेतून न वाकता गुडघे वाकवून उचलावे.

जिचे काम घरात, ऑफिसात किंवा शिलाई मशिनवर आहे तिने मात्र चालावेच. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चाला. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. महिना-सव्वा महिन्यात अर्ध्या तासावर याल. एकटीला लाज वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा, बचत गटाच्या बैठकीला चालत जा. नवी साडी, नवे बूट कशाचीही गरज नाही, पायात घट्ट बसणारी चप्पल पुरे.

चालण्याने दम वाढतो, ताकद वाढत नाही. ती वेगळी कमवावी लागते. आठवड्यातून दोन-तीन दिवस या चार गोष्टी घरातच करा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे. भिंतीला हात टेकून दहा वेळा अंग भिंतीकडे नेणे व मागे घेणे. ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलणे. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहणे. खुर्चीवरून हाताशिवाय उठता येत नसेल तर तेच आपले पहिले उद्दिष्ट समजा. आरशापेक्षा ही परीक्षा खरी आहे.

खोकताना, हसताना लघवी होण्याची तक्रार बाई कोणालाच सांगत नाही, बाहेरगावी जाणे मात्र बंद करते. त्यावर एक साधा व्यायाम आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच अंक मोजेपर्यंत आवळून धरावेत, मग पाच अंक सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी चिरताना, एसटीत बसल्या बसल्याही करता येतो. तीन महिने नेटाने केल्यास बहुतेकींना चांगला फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र आधी तपासून घ्यावे.

मिश्री : न दिसणारे व्यसन

तंबाखू कोण खाते विचारले तर बायका पुरुषांकडे बोट दाखवतात. मिश्री कोण लावते विचारले की खाली बघतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात स्वच्छ करत नाही, हिरड्या सोलते, रक्तदाब वाढवते आणि तोंडाचा कर्करोग करते. एकदम सोडणे जमले तर उत्तमच. न जमल्यास दिवसातून चार वेळा लावणारीने आधी दुपारची सोडावी, आठवड्याने रात्रीची, मग संध्याकाळची. सकाळची सगळ्यांत शेवटी सुटते. त्या वेळी तोंडात बडीशेप, ओवा, लवंग ठेवावी. डबी घरात ठेवू नये. पहिले दोन-तीन आठवडे डोके दुखेल, पोट साफ होणार नाही, चिडचिड होईल, ती नंतर ओसरते. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. तोंडात पंधरा दिवसांवर बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड उघडेनासे झाले असेल तर लगेच दाखवावे.

साखर, रक्तदाब आणि वजन

तीस वर्षांपुढील प्रत्येकीने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. उपकेंद्रात ती मोफत होते. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक, उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, तर उपचार लागतात. जांघेत सारखी खाज सुटणे हे साखरेचे पहिले लक्षण असू शकते. बायका त्यावर वर्षभर मलम लावत बसतात.

वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर सावध व्हावे. सत्तर किलोच्या बाईने वर्षभरात चार-पाच किलो कमी केले आणि ते टिकवले, तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम होतो. पंचविशीतल्या कमरेचा हट्ट धरू नये. चहातली साखर निम्मी करा, घरात तेल महिन्याला माणशी किती लागते ते मोजा, कुंथलगिरीचा पेढा प्रसादापुरता अर्धा घ्या. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे यांतील मीठ धरून दिवसाला एक चमचा मीठ ही मर्यादा आहे.

उपवासांबद्दलही बोलले पाहिजे. तुळजापूरच्या नवरात्राचे नऊ दिवस आपल्याकडे कितीतरी माउल्या उपवास धरतात. साबुदाणा, तळलेले बटाटे आणि गोड चहा यांनी साखर वाढते. उलट, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिले तर ती एकदम उतरून चक्कर येते. उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्या. कोजागरीला पायी येणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालू नये. पायाची जखम कळत नाही आणि पुढे पायच गमवावा लागतो. देवी चप्पल घालून येणाऱ्या लेकीवर रागावत नाही.

आणखी एक. बाईचा हृदयविकाराचा झटका नेहमीच छातीत कळ घेऊन येत नाही. एकाएकी दम लागणे, घाम फुटणे, जबडा किंवा पाठ भरून येणे, मळमळणे, "गॅस झालाय" असे वाटणे, यांतूनही येतो. अशा वेळी सोडा-लिंबू देत बसू नका. १०८ ला फोन करा.

मनाचे काय?

मुली सासरी गेल्या, मुले पुण्याला, मालक अबोल, सासूचे आजारपण अंगावर, आणि आतून हार्मोनची उलथापालथ. अशा वेळी रडू येते, कशातच जीव रमत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असे राहिले, झोप-भूक गेली, जगू नयेसे वाटू लागले, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येते, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते. नव्या गोष्टी शिकायला हे वय आडवे येत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागातील कितीतरी बायका चाळिशीत पहिल्यांदा घराबाहेर पडल्या. त्यांनी बचत गट चालवले, बँकेत जाऊन सही केली. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तर खेड्यातील बायकांना शिकवून 'भारत वैद्य' म्हणून गावाच्या आरोग्यासाठी उभे केले. आजारी माणसाने मागणी करावी आणि बाईने ती पुरवावी, एवढेच बाईचे आरोग्याशी नाते नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

सुरुवात कोठून करावी?

हे सगळे एकदम करू नका. सगळे एकदम धरणारी बाई पंधरा दिवसांत सगळेच सोडते. या महिन्यात फक्त तपासण्या करा : रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, पिशवीचे तोंड, स्तन, तोंड. पुढच्या महिन्यात ताटातील एक बदल. तिसऱ्या महिन्यात चालणे किंवा ताकदीचा व्यायाम. मिश्री असेल तर ती सगळ्यांत आधी. एका वहीत तारीख आणि आकडे लिहून ठेवा आणि दर वेळी ती वही डॉक्टरांना दाखवा. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा, नव्या वर्षाची वाट पाहू नका.

शेवटी दोन शब्द घरातील पुरुषांना आणि मुलांना. बैलाला खूर लागला तरी आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. आईला तपासणीला न्यायचे तर सुगी होऊ दे, लग्न होऊ दे म्हणतो. तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जा, बाहेर बसा, तेवढा दिवस स्वयंपाकाचे बघा. आणि भगिनींनो, पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा नातवाच्या खोकल्याआधी स्वतःचे सांगा. दारातून मागे वळून नको, खुर्चीवर बसून सांगा.

(पुढील आठवड्यात : गुडघेदुखी - गैरसमज आणि उपाय)